घोट्याचा अस्थिभंग



इ. स. १७५६ मध्ये लंडनच्या ओल्ड केंट रोडवर पर्सिव्हल पॉट हे नामांकित शल्यचिकित्सक घोड्यावरून फेकले गेले. पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले. तशा स्थितीतही पॉट यांनी कोणाला आपल्याला हलवू दिले नाही. त्यांनी डोलीवाल्यांना बोलावणे धाडले, एक दार विकत घेतले, त्याला डोलीचे दांडे ठोकवले आणि त्यावर निजून ते घरी गेले. जमलेल्या शल्यचिकित्सकांनी पाय कापण्याचे ठरविले होते. परंतु तेवढ्यात पॉट यांचे गुरू एडवर्ड नूर्स आले आणि पाय वाचवून पाहावा असे त्यांनी सुचविले. पाय वाचला. घोट्याच्या एका अस्थिभंगाला पुढे पॉट यांचे नाव मिळाले, म्हणून तोच त्यांना झाला होता असा समज रूढ आहे. पण तो बरोबर नाही. मोडलेला पाय आधार दिल्यावाचून हलवू नये, हा त्यांचा आग्रह मात्र प्रथमोपचारात आजही प्रमाण आहे.

घोट्याची रचना सुताराने घेतलेल्या खाचेसारखी आहे. वर नडगीच्या हाडाचे टोक, आतल्या बाजूस त्याचाच उंचवटा, बाहेरच्या बाजूस शेजारच्या बारीक हाडाचे टोक. आणि या खाचेत पावलाचे ‘टॅलस’ नावाचे हाड घट्ट बसलेले असते. १९७६ मध्ये रॅम्से व हॅमिल्टन यांनी मृतांच्या घोट्यांवर प्रयोग केले. टॅलस केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकले, तरी सांध्यातील संपर्काचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. उरलेल्या जागेवर भार एकवटला की कूर्चा झिजते. पाय बाहेरून सरळ दिसतो, एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सर्वांत बिकट प्रकार उंचावरून पडल्याने किंवा वाहनाच्या अपघाताने होतो. टॅलस खालून वर आदळते आणि नडगीच्या टोकाचे तुकडे होतात. या भागाला फ्रेंच वैद्य देस्तो यांनी ‘पिलाँ’ म्हटले. पिलाँ म्हणजे खलातील बत्ता. अशा वेळी खरी अडचण हाडापेक्षा कातडीची असते. घोट्यावर मांसाचे आवरण नाही. सूज चढते, फोड येतात. सुजलेल्या कातडीवर घाईने छेद घेतला, तर जखम उकलते आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो. यास्तव आधी हाडांत सळया बसवून बाहेरच्या चौकटीने पाय ताणून धरतात. सूज ओसरून कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या, म्हणजे पट्ट्या व स्क्रू बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. यात बहुधा एक-दोन आठवडे जातात. ‘रोगी नुसता पडून आहे’ म्हणून नातलग अस्वस्थ होतात, ते स्वाभाविकच आहे. परंतु ते दिवस वाया गेलेले नसतात. जखम उघडी असली तर गोष्ट निराळी. तेथे प्रतिजैविके ताबडतोब द्यावी लागतात आणि जखम शस्त्रक्रियागृहात धुवावी लागते. निखळलेला सांधाही विनाविलंब जागेवर आणावा लागतो.

पुढचा काळ चिकाटीचा. साध्या अस्थिभंगात सुमारे सहा आठवड्यांनी, पिलाँच्या प्रकारात बहुधा दहा-बारा आठवड्यांनी पायावर भार टाकू देतात. मधुमेही रुग्णांना याहून अधिक थांबावे लागते. पावलाची संवेदना मंद झालेली असल्यास वेदना होत नाही, आणि वेदना नाही म्हणून रोगी चालू लागतो. पट्टी निसटल्याचे नंतर क्ष-किरण चित्रात दिसते. धूम्रपानाने हाड जुळण्यास उशीर लागतो, हे रोग्याला स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

हाड जुळले तरी सूज कित्येक महिने संध्याकाळी परतते. भारतीय घरात आणखी एक कसोटी असते. उकिडवे बसण्यासाठी नडगी पावलावर बरीच पुढे झुकावी लागते, आणि ताठर घोट्याला नेमके तेच साधत नाही. सपाट रस्त्यावर चालणारा माणूस शौचकूपात, शेतात किंवा चुलीपुढे अडतो. घोटा वर ओढण्याचे व्यायाम शल्यचिकित्सकाची अनुमती मिळताच सुरू करावयाचे ते याचसाठी. एवढे करूनही काहींचा सांधा पुढे झिजतो. दुखणे असह्य झाल्यास सांधा कायमचा सांधून टाकतात. त्याने वेदना शमते व चालता येते. पण घोट्याची हालचाल संपते आणि उकिडवे बसणे बहुधा कायमचे सुटते.