पेटीचे तोंड कोणीकडे असावे?

रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की ती घुमते आणि तिच्यात थोडे पाणी ओतले की तिचा सूर चढतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गोमंतकातील घुमटवादक हीच गोष्ट हाताने जाणतो. घुमटाच्या रुंद तोंडावर कातडे ताणलेले असते, अरुंद तोंड मोकळे असते. एका हाताने कातड्यावर थाप देताना दुसऱ्या हाताने तो हे मोकळे तोंड कमीअधिक झाकतो आणि नाद पालटतो. पोकळ पात्रांच्या या घुमण्याचे शास्त्र हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले.

ध्वनिक्षेपकाच्या लाकडी पेटीला जे गोल भोक दिसते, ते याच कुळातले होय. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ साली मिळाले. पेटीतील हवा स्प्रिंगसारखी दबते व फुगते. भोकाच्या नळीतील हवा वजनासारखी पुढेमागे हलते. एका विशिष्ट खर्जाच्या स्वराला या दोहोंचा मेळ बसतो. त्या वेळी कागदी पडद्याला फारसे श्रम पडत नाहीत. बराचसा नाद भोकातूनच बाहेर येतो.

हा स्वर कोणता, हे तीन गोष्टी ठरवितात : पेटीचे आकारमान, नळीची रुंदी आणि नळीची लांबी. पन्नास लिटरच्या पेटीला १० सेंटिमीटर रुंद व सुमारे २२ सेंटिमीटर लांब नळी बसविली, तर हा मेळ सेकंदाला ४० कंपनांच्या आसपास बसतो. भोक पुढे आहे की मागे, याने त्यात विशेष फरक पडत नाही. कारण उघड आहे. ४० कंपनांच्या ध्वनीची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. एवढ्या लाटेला हातभर पेटीची पुढची बाजू कोणती आणि पाठ कोणती, याचे सोयरसुतक नसते.

मग भोकाची जागा गौण म्हणावी काय? तसे मात्र नाही. भोकातून केवळ खर्ज बाहेर पडत नाही. पडद्याच्या पाठीमागून निघालेले मधले स्वर पेटीत आपटत राहतात आणि वाट मिळताच बाहेर येतात. नळीलाही बासरीसारखा स्वतःचा सूर असतो. वरील नळीचा तो ६०० कंपनांच्या सुमारास पडतो. मनुष्याच्या बोलण्यातील बराच भाग याच पट्ट्यात असल्यामुळे भोक ऐकणाऱ्याच्या समोर असले, तर शब्दांवर पुसटशी छटा चढते. भोक पाठीमागे असले की ही गळती पुष्कळशी झाकली जाते. उंच पेटीत भोक उंचीच्या मध्याजवळ ठेवल्यास उभ्या दिशेतील पहिली घुमणारी लाट तेथून कमी निसटते. नळीचे आतले टोक मात्र पेटीच्या फळीला भिडू नये. भिडले तर नळी जणू लांबते आणि ठरविलेला स्वर खाली घसरतो.

पाठीमागच्या भोकाचा खरा शत्रू घराची भिंत. एखादा गृहस्थ पै-पैसा साठवून पेट्या आणतो आणि जागा नाही म्हणून त्या भिंतीला टेकवून ठेवतो. मग डग्ग्याची प्रत्येक घुमक पसरते, गायकाचे शब्द तिच्यात बुडतात. आणि पेटीच वाईट निघाली असे समजून तो ती मिळेल त्या किमतीस विकून टाकतो. वस्तुतः दोष पेटीचा नसतो. भोक आणि भिंत यांत निदान भोकाच्या रुंदीइतके अंतर हवे, म्हणजे हवेची वाट कोंडत नाही. एवढ्याने सारे भागेलच असे मात्र नव्हे. भिंत खर्ज वाढविते, कोपरा त्याहूनही वाढवितो. आणि ही वाढ पुढे भोक असलेल्या पेटीलाही चुकत नाही. समोरचे भोक हवेची कोंडी टाळते, भिंतीचा घुमारा टाळीत नाही.

म्हणून पेटी विकण्यापूर्वी तिला वीतभर पुढे ओढून पाहावे. तेवढ्याने शब्द उजळले नाहीत, तर सुती कापडाची घट्ट गुंडाळी भोकात हलकेच बसवावी. खर्ज थोडा उतरेल. पण गाणे स्वच्छ झाले, तर दोष खर्जाच्या अतिरेकाचा किंवा भोकातील गळतीचा होता, हे कळून येईल. काहीच पालटले नाही, तर कारण अन्यत्र शोधावे. या परीक्षेला पैसा लागत नाही. घुमटवादकाचा हात जे करतो, तेच येथे कापडाच्या गुंडाळीने होते. आणि निवाडा त्याच्याप्रमाणेच कानाने करावयाचा असतो.