जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालताना अडलं तर

आज वहीच्या हिशोबाबद्दल नाही, कॉम्प्युटरबद्दल बोलायचं आहे. कागद-पेन जवळ असेल तर घ्या, दोन-तीन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशीनवर चढत नाही. म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या ऑफिसांतून धडधाकट कॉम्प्युटर बाहेर पडताहेत, आणि त्यातले काही मुरबाड, शहापूरच्या गटांकडे येताहेत. कुठे कुणी दान दिला, कुठे गटाने स्वतःच्या पैशातून घेतला. त्यावर आपण लिनक्स घालतो. लायसनचे पैसे पडत नाहीत, आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती चार जीबी रॅमवर बरी चालते. पण घालताना काहीतरी अडतं. अडलं की ताई म्हणतात, ‘हे आपलं काम नव्हे,’ आणि वर गोणपाट टाकून ठेवतात. अहो, त्या गोणपाटाखाली गटाचेच पैसे आहेत.

सगळ्यात आधी, मशीनमध्ये गटाचं काही आहे का ते बघा. कर्जवाटप, हप्ते, ठरावांचे फोटो, बँकेला दिलेली कागदपत्रं. ते सगळं एका पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. फाइल नुसती दिसली म्हणून भागत नाही, ती उघडली पाहिजे. कारण लिनक्स घालताना एक प्रश्न येतो, त्यात ‘इरेज डिस्क’ असे शब्द असतात. त्याचा अर्थ सगळी डिस्क पुसून टाकणं. तो पर्याय दिसला की हात मागे घ्या, शेजारी बसलेल्या सचिव ताईंना विचारा, मगच पुढे जा. इथे घाई केली तर चार वर्षांचा हिशोब एका मिनिटात जातो.

आता पेनड्राइव्ह. आठ जीबीचा पुरतो. लिनक्सची फाइल त्यात नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा एचर नावाच्या फुकट प्रोग्रामने ती लिहावी लागते. ‘पेनड्राइव्ह लावला तरी विंडोजच चालू होतं’ ही तक्रार आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो, आणि बहुतेक वेळा कारण हेच निघतं. दुसरं कारण म्हणजे योग्य बटण दाबलेलं नसतं. कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर लेनोव्हो आणि डेलवर बहुतेक एफ-१२, एचपीवर एफ-९ असं टकटक दाबत राहायचं. यादी आली की यूएसबी निवडायचं.

यादी आली, निवडलं, आणि पडदा काळाच राहिला तर? घाबरू नका. मशीन पुन्हा चालू करा. मिंटच्या पहिल्या यादीत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ म्हणून ओळ असते, ती निवडा. ग्राफिक कार्डाची आणि लिनक्सची नीट ओळख झालेली नसते, तेव्हा हा साधा रस्ता चालतो. ओळख नंतर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून करून देता येते.

आणि आम्हाला सगळ्यात आवडणारी गोष्ट: काहीही न पुसता, पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं. लग्नाआधी मुलाचं घर बघतो ना, तसं. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, कॅमेरा चालतो का, सगळं तासभर बघून घ्या. याच वेळी ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्राम उघडून हार्डडिस्कची तब्येतही बघा. तिथे ‘स्मार्ट’ अशी नोंद असते. डिस्क खराब होत आल्याचं तिथे दिसलं, किंवा आतून कटकट आवाज येत असला, तर त्या डिस्कवर गटाचा हिशोब ठेवू नका. छोटी एसएसडी घालून घ्या. जुन्या मशीनवर केलेल्या खर्चातला हा एक खर्च आम्ही कुणालाही करायला सांगतो, कारण मशीन चालू व्हायला लागणारा वेळ डोळ्यांदेखत कमी होतो.

वाय-फाय लागलं नाही तर फार चक्रं फिरवू नका. मोबाइल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. कॉम्प्युटरला लगेच इंटरनेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉमसारख्या काही वाय-फाय चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, तो तिथे सुचवलेला असतो. तो घाला, मशीन बंद-चालू करा, मोबाइल काढून घ्या.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घातलं असेल तर कधीकधी लिनक्समधून विंडोजच्या फाइल वाचता येतात, पण त्यात काही लिहिता येत नाही. कारण विंडोज खरं बंद होतच नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं, म्हणजे ते अर्धं जागं राहून झोपतं. शिफ्ट दाबून धरून विंडोज बंद करा, किंवा फास्ट स्टार्टअपच बंद करून टाका. लिनक्स घालताना डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये डिस्कची सेटिंग ‘रेड’वर असते, ती ‘एएचसीआय’वर न्यावी लागते. पण विंडोज ठेवायचं असेल तर हे जाणकाराशिवाय करू नका, नाहीतर विंडोज उठणार नाही.

आपल्याकडच्या हवेचंही एक दुखणं आहे. पावसाळ्यात दमट हवेने रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी कडा काळवंडतात. मग मशीन चालू होताना नुसतं पीप-पीप करतं, पडदा येत नाही. एका गावी दुकानदाराने ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं होतं. गटातल्या एका ताईने वीज काढून, रॅमची पट्टी बाहेर घेऊन, शाळेच्या खोडरबराने कडा हलक्या हाताने पुसल्या. मशीन चालू झालं. आधी प्लग काढायचा, हे मात्र दहादा सांगतो.

दुसरं, घड्याळ. दर वेळी चालू केल्यावर तारीख जुनी दिसते आणि बँकेची वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते. वेबसाइटचा दोष नसतो. आतली बटणासारखी बॅटरी संपलेली असते. नंबर लिहून घ्या: सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळते.

प्रिंटरचं नशीब कंपनीवर आणि मॉडेलवर. एचपीचे पुष्कळ प्रिंटर लिनक्सवर चालतात, पण लेझरजेट १०२०सारख्या काहींना एक जादा प्लगइन घालावं लागतं. ते नसेल तर प्रिंटर जोडलेला दिसतो आणि छापत मात्र नाही. म्हणून प्रिंटर घेण्याआधी आपला पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जा आणि तिथेच छापून बघा. लाजायचं काय त्यात? पैसे आपले आहेत.

मराठीचं विचाराल तर जुने अर्ज श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर लिनक्सवर चित्रविचित्र अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, फॉन्टची पद्धत जुनी असते. अशा फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या, फॉन्ट बदलणारी साधनं मिळतात. नवं टाइपिंग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून करा. आता लिब्रे ऑफिसमध्ये ठराव मराठीत लिहायला काही अडत नाही.

एक सरळ सांगतो. ज्या ताई बीसी सखी आहेत, अंगठ्याच्या मशीनवर पैसे देतात-घेतात, त्यांनी त्या कामाच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढू नये. त्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतं. टॅलीचंही तसंच. लोकोस ॲप तर मोबाइलवरच चालतं, त्याला याचा काही त्रास नाही. लिनक्स चांगलं आहे म्हणून चालू काम बंद पाडण्यात शहाणपण नाही.

शिकायला मुंबईला जायची गरज नाही. पवईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. त्यात लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि फुकट आहेत. गटाच्या बैठकीत मोबाइलवर एक धडा लावायचा, थांबवायचा, करून बघायचा, पुढे जायचं. आपल्या सी-डॅकने बनवलेलं ‘बॉस’ लिनक्सही आहे, त्यात भारतीय भाषांची सोय आहे.

लिनक्स घालताना जो पासवर्ड ठेवाल तो कागदावर लिहून गटाच्या पेटीत ठेवा, अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत असू द्या. आणि अडलंच तर पडद्यावर आलेल्या ओळीचा मोबाइलने फोटो काढा. ‘काहीतरी इंग्रजी आलं’ एवढं सांगितलं तर आम्हालाही काही कळत नाही, फोटो पाठवलात तर लगेच बघता येतं. पुढच्या गुरुवारी याच वेळी कर्ज-नोंदवही लिब्रे ऑफिसमध्ये कशी उतरवायची ते सांगणार आहोत. नमस्कार.