एक ब्राउझर, अनेक दप्तरे



संगणकाचा अभ्यासक्रम पुरा करून तुमच्यापैकी कित्येकजण आता घरी बसून वेबसाइटची कामे घेऊ लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. कोड कसा लिहावा हे तुम्हांला शिकविले जाते. परंतु कामाचे दप्तर कसे ठेवावे, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज मी ब्राउझरचे प्रोफाइल या एकाच बाबीविषयी बोलणार आहे.

साधा किराणा दुकानदारही घरखर्च आणि दुकान यांची वही एक करीत नाही. त्याचाच शिकलेला मुलगा मात्र एका ब्राउझरमध्ये स्वतःचे बँकखाते, मामूंच्या हॉटेलची वेबसाइट, एखाद्या शाळेचे प्रवेशाचे पॅनेल आणि क्रिकेटचा सामना असे सारे उघडून बसतो!

यात बिघडते काय, ते पाहू. वेबचा व्यवहार मुळात विसराळू आहे. आलेली प्रत्येक मागणी सर्व्हरला नवीच वाटते. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी कुकीची युक्ती काढली. सर्व्हर एक चिठ्ठी देतो आणि ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक भेटीत दाखवितो. तुम्ही लॉग-इन केले आहे, हे सर्व्हरला या चिठ्ठीवरूनच कळते. एका प्रोफाइलमध्ये या चिठ्ठ्यांचा गठ्ठा एकच असतो. त्यामुळे एका साइटवर तुम्ही एकाच वेळी व्यवस्थापक आणि साधे ग्राहक, असे दोन्ही सहसा होऊ शकत नाही.

खरी गंमत पुढे आहे. समजा, दोन ग्राहकांची कामे तुमच्याच संगणकावर लोकलहोस्टच्या ३००० आणि ८००० या पोर्टांवर चालू आहेत. तुम्हांला ती दोन घरे वाटतात. पण कुकीला पोर्ट ओळखता येत नाही, तिच्या लेखी लोकलहोस्ट हे एकच घर. दोन्हींकडे एकाच नावाची कुकी असेल, तर एकीकडे लॉग-इन होताच दुसरीकडून तुम्ही बाहेर फेकले जाता. लोकलस्टोरेजला मात्र पोर्ट ओळखता येतो, म्हणून निम्मे मिसळते आणि निम्मे मिसळत नाही. मग मुलगा रात्रभर कोडमधली चूक शोधीत बसतो, आणि चूक कोडमध्ये नसतेच.

प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र प्रोफाइल दिले की हा घोळ मिटतो. क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातील चित्रावरून ते तयार होते, आणि त्यासाठी गूगलचे खाते जोडावेच लागते असे नाही. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी 'अबाउट:प्रोफाइल्स' लिहावे. कुकी, इतिहास, बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन हे सारे प्रत्येकाचे निराळे राहते. चालू साइटच्या प्रोफाइलला भडक लाल रंग द्या, म्हणजे चाचणीची साइट समजून खरी नोंद पुसली जाण्याचा धोका कमी होतो. शिवाय एक प्रोफाइल अगदी कोरे ठेवा. जाहिराती अडविणारी किंवा भाषांतर करणारी एक्स्टेन्शने पानात ढवळाढवळ करतात. ती नसताना पान कसे दिसते, हे तेथे कळते.

कोणी म्हणेल, त्यासाठी गुप्त खिडकी आहे ना? आहे; पण क्रोममध्ये एका प्रोफाइलच्या सगळ्या गुप्त खिडक्यांचा गठ्ठा एकच असतो, आणि शेवटची खिडकी बंद होताच तो जातो. घटकाभराच्या तपासणीस ती ठीक, महिनाभराच्या कामास नव्हे.

शाळेच्या पॅनेलमध्ये मुलामुलींची नावे, पालकांचे फोन, उत्पन्नाचे दाखले असतात. ती तुमच्याकडे सोपविलेली अमानत आहे. दुसऱ्या ग्राहकाला पडदा दाखविताना पत्त्याची दोन अक्षरे लिहिताच पहिल्याचे पॅनेल सुचविले जावे, हे बरे नव्हे. तथापि प्रोफाइल म्हणजे पडदी आहे, कुलूप नव्हे. संगणकाचे तेच खाते वापरणारा तुमचा भाऊ कोणतेही प्रोफाइल उघडू शकतो. घरात संगणक एकच असेल, तर प्रत्येकाचे संगणकावरील खातेच वेगळे करून त्याला पासवर्ड लावा. तसेच दोन प्रोफाइलांना एकच खाते जोडून सिंक चालू केलेत, तर पासवर्ड दोन्हींकडे पोहोचतील आणि पडदीही उरणार नाही.

काम संपून हिशेब मिटला की त्या ग्राहकाचे प्रोफाइल पुसून टाका. त्याआधी त्याच्या साइटवरील आपले ॲडमिन खाते बंद करावयास त्याला सांगा. तुमच्याकडचे प्रोफाइल पुसल्याने त्याच्या सर्व्हरवरचे ते खाते पुसले जात नाही.