शाळेतील मत्स्यपेटीचे रहिवासी



शाळेतील मत्स्यपेटी म्हणजे सजीवांची वसाहत. तिचे रहिवासी पारखूनच निवडावेत. 20 लिटर पाण्यास ओढ्यातील, कळपाने राहणारे, बोटाच्या दोन पेरांएवढे 5-6 मासे पुरेत. मरळीचे पिल्लू लहान दिसले तरी इतर मासे खाते. चतुराची अळीही तशीच. गोगलगाय काचेवरील शेवाळ खरवडते, लहान झिंगे उरलेले अन्न वेचतात. शिंपला मात्र पाण्यातील सूक्ष्म कण गाळून जगतो. स्वच्छ पेटीत तो उपासमारीने मरतो व पाणी नासवतो. गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तो ओढ्यात जाता कामा नये, म्हणून पेटीतही नको. दीर्घ सुट्टीपूर्वी ओढ्याचे जीव मुलांच्या हातूनच त्या ओढ्याच्या पाण्यात परत सोडावेत. जीव आणणाऱ्यावर त्याच्या जगण्याचा भार असतो, हा पाठ मुलांना तेथेच मिळेल.