वासुदेव कोप्यांवर येतो तेव्हा



संक्रांत महिन्यावर आली. सुगडं कुठून आणायची, वाणाला काय लुटायचं, ही बोलणी गटांच्या बैठकीत सुरू झाली असतील. आज मी सांगणार आहे ते मात्र सोंगांबद्दल. मागच्या संक्रांतीत आमच्या ग्रामसंघातल्या सहा जणींनी सोंगं घेतली आणि ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या कोप्यांवर जाऊन तिथल्या लेकरांचं बोरन्हाण केलं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या बायका विचारतात, 'कसं केलंत? काय काय लागलं?' एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा रेडिओवर सांगितलेलं बरं.

ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला कोप्या नवीन नाहीत. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या भागांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं येतात. माळावर बांबू, ताडपत्री, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची म्हणून पहाटे अंधारातच फड गाठायचा. हे मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. कारखान्याची गव्हाण संक्रांतीला थांबत नाही, त्यामुळे कोयताही थांबत नाही.

मुलांचं काय? तान्ही आईबरोबर फडात, पाचटावर टाकलेल्या गोधडीवर. चालती-बोलती कोपीवर, मोठ्या बहिणीच्या ताब्यात. ही मोठी बहीण आठ-नऊ वर्षांची असते. त्यांच्या गावाकडं शाळेत नाव असतं, हंगामी वसतिगृहं असतात. पण मागं सांभाळायला आजी-आजोबा नसले तर मूल आईबापाबरोबर येतं. आणि मुलगी असली तर धाकट्याला बघायला ती हवीच असते.

या मुलांना कोणी काही देत नाही असं म्हणणं खोटं होईल. हंगामात एखाद-दुसरी गाडी येतेच. बिस्किटं, ब्लँकेटं, जुने कपडे. मुलांना रांगेत उभं करतात, हात पुढं करायला सांगतात, फोटो काढतात. मदत ती मदत, तिला नावं ठेवायची नाहीत. पण त्याला सण म्हणता येत नाही. बोरन्हाणात मूल हात पसरत नाही. ते काळे कपडे घालून, हलव्याचा मुकुट घालून पाटावर बसतं. त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओततात आणि बाकीची पोरं झुंबड करून लुटतात. लुटलेलं बोर आपलं असतं, ते कोणाकडून घेतलेलं नसतं.

सोंगाचंही तसंच आहे. मी रजिस्टर घेऊन कोपीवर गेले, की तिथल्या आया पदर सावरून उभ्या राहतात आणि विचारतात, "काय लिवून घ्यायचंय ताई?" पोरं आईमागं लपतात. वासुदेवाला असं कोणी विचारत नाही. आणि वासुदेव निघून गेल्यावर आभार कोणाचे मानायचे हाही प्रश्न उरत नाही.

कोणती सोंगं घ्यायची यावर आमची बैठक चांगली दोन तास चालली. हप्त्यांच्या बैठकीला इतका वेळ कोणी बसत नाही! एकीच्या मुलीनं छोटा भीम सुचवला. एक वहिनी म्हणाल्या, बहुरूप्यासारखा खोटा फौजदार करू, हसून हसून पोट दुखेल. ते आम्ही खोडून काढलं. गावातल्या पोरांना खोटा फौजदार बघून हसू येतं. परक्या मुलखात, दुसऱ्याच्या माळावर राहणाऱ्या माणसांना खाकी दिसली की हसू येत नाही. राक्षस, भूत, हेही नको झालं. शेवटी ठरलं: एक वासुदेव, एक भोपळ्यातली म्हातारी, तिच्या वाटेवरचे वाघ, अस्वल, कोल्हा, आणि ढोलकीला एक जण. लेकीकडं निघालेली म्हातारी आपल्याकडं कोणत्या पोराला माहीत नाही? आणि या पोरांच्या आज्या तर खरोखरच गावाकडं राहिलेल्या असतात.

वासुदेव करायचा तर आधी वासुदेवाला विचारायला हवं, असं आमच्या काकूंचं म्हणणं पडलं. या काकू भजनी मंडळातल्या, आवाज खणखणीत, तेव्हा वासुदेव त्याच होणार होत्या. आमच्या भागात पहाटे फिरणारे एक वासुदेवबाबा आहेत. त्यांच्या घराण्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, त्यावर त्यांचं पोटही आहे. त्यांचा वेष आपण परस्पर अंगावर चढवणं बरं नव्हे. आम्ही घरी गेलो. बाबा आधी हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "माझी टोपी देणार न्हाई, पण शिकवीन." मोरपिसांची टोपी डोक्यावरून काढली की उंचावर ठेवायची, पायाशी नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. चिपळ्या आणि टाळ एकाच वेळी कसे वाजवायचे, गिरकी कशी घ्यायची, हे काकूंना दोन संध्याकाळी शिकवलं. आम्ही त्यांना दोन दिवसांचं मानधन दिलं. ते आधी नको म्हणत होते, आम्ही ऐकलं नाही.

जाताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, माणसं ज्या मुलखातली, त्या मुलखातल्या देवांची नावं घ्या. आणि दुसरी, कोणी मूठभर दाणे घातले तर नको म्हणू नका. "आपण द्यायला गेलोय म्हून त्यांचं घ्यायचं न्हाई, आसलं करू नका. त्यांच्या दाराला वासुदेव आलाय."

आता तयारी. टोपी आम्ही पुठ्ठ्याची केली, तिला कापडी पिसं शिवली. अंगरखा जुन्या पांढऱ्या चादरीचा, घेर मोठा. अस्वल गोणपाटाचं, त्यावर काळ्या लोकरीचे तुकडे. भोपळा म्हणजे वेताची मोठी पाटी, तिच्यावर केशरी साडी ताणून बसवलेली. त्या भोपळ्यातच बोरं भरली. कोणाचाही चेहरा मुखवट्यानं झाकला नाही. वाघाच्या तोंडावर नुसते पट्टे ओढले, म्हणजे बारक्या लेकराला वाघाच्या आतली बाई दिसते. हलव्याचे दागिने महाग पडतात, म्हणून मुकुट, हार, बाजूबंद असा एकच जोड केला आणि पाळीपाळीनं घातला. खर्च सगळ्यांनी खिशातून केला. गटाच्या बचतीला हात लावला नाही. फिरता निधी किंवा सामुदायिक गुंतवणूक निधी तर कर्ज देण्यासाठी असतो, त्यातून सोंग करायचं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण एका गावाहून तसं विचारणं आलं होतं.

आणखी एक, हे नीट ऐका. तीन वर्षांखालच्या लेकरांच्या अंगावर शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या टाकू नका. बोराची बीसुद्धा घशात अडकते. त्यांना चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या पुरेत.

मुकादमाला आणि तिथल्या बायकांना आधी विचारून ठेवलं होतं. टोळी ज्या दिवशी लवकर परतणार होती, त्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही गेलो. गावातल्या एका पुढाऱ्यानं बॅनर आणि फोटोवाला पाठवायची तयारी दाखवली होती. आम्ही म्हटलं, तुम्ही अवश्य या, पण कोल्ह्याचं सोंग घेऊन या. ते आले नाहीत.

माळाच्या कडेला ढोलकी वाजली तशी पोरं धावत आली आणि दहा हातांवर थांबली. कडेवर भाऊ घेतलेली एक नऊ वर्षांची मुलगी सगळ्यांच्या पुढं होती. तिनं काकूंकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "वासुदेव सकाळी येतो."

काकू म्हणाल्या, "तुमच्या कोप्या लांब पडल्या की गं बाई. चालता चालता दुपार झाली."

"वासुदेवाला मिशा आसत्यात."

"त्या उन्हानं गळाल्या."

यावर ती हसली नाही, पण बाकीची हसली आणि कोंडी फुटली. मग भोपळा आला, म्हातारी आली. वाघानं म्हातारीला अडवलं तेव्हा एका पोरानं वाघाला पाचटाचा मुठका फेकून मारला. वाघ झालेल्या वहिनींनी पळ काढला, तो थेट बांधापर्यंत.

बोरन्हाणात उसाचे करवे घालायचे की नाही, यावर आमच्यात आधी वाद झाला होता. दिवसभर ऊस बघणाऱ्या लेकरांना सणालाही ऊसच का, असं एकीचं म्हणणं. रीत म्हणून आम्ही चार करवे टाकले. सहा वर्षांच्या एका पोरानं त्यातला एक उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "ह्यो दोनशे पासष्ट हाय." उसाची जात! अगदी बरोबर होती. त्याला अक्षरओळख नव्हती. आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो.

त्या मुलीचा भाऊ पाटावर बसला. ती शेजारी उभी राहून त्याच्या डोळ्यांवरचे चुरमुरे बाजूला करत होती. लुटायला ती वाकली, पण वेचलेलं सगळं भावाच्या टोपड्यात ठेवलं. म्हातारीनं विचारलं, "तुझं बोरन्हाण झालं होतं का गं?" ती म्हणाली, "तवाबी आमी तोडीवरच होतो."

बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात, हे मला ठाऊक आहे. तो नियम घरात संक्रांत बघणाऱ्यांसाठी. म्हातारीनं तिला पाटावर बसवलं, मुकुट डोक्याला होईना म्हणून मागून दोरा बांधला. ती बसली, तीही भावाला मांडीवर घेऊन. तेवढ्यात तिची आई फडावरून आली होती, हातपाय अजून धुतले नव्हते. तिनं पुढं होऊन मुलाला उचललं. म्हणाली, "तू बस माय. ह्याला दे हिकडं." मग भोपळा रिकामा होईपर्यंत आम्ही तिच्यावर बोरं ओतली. तिच्यामागं आणखी तिघी थोराड पोरी येऊन उभ्या राहिल्या. बोरं संपली होती. नुसत्या चुरमुऱ्यांवर भागवलं.

निघताना काकूंनी चिपळ्या वाजवत देवांची नावं घ्यायला सुरुवात केली. परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, मोहट्याची देवी, भगवानगड, कपिलधार. कोप्यांमधली कामं थांबली. एक म्हातारे गृहस्थ विडी टाकून उठून उभे राहिले. एका कोपीतून बाई ताटलीत बाजरीचं पीठ घेऊन आली आणि काकूंच्या झोळीत घालून पाया पडली. मग दुसरी. कोणी मूठभर ज्वारी, कोणी दहाची नोट. एकीकडं काही नव्हतं, तर तिनं मघाशी पोरानं लुटलेली चार बोरं आणून घातली. बाबांनी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर आमच्यापैकी कोणीतरी 'अहो, नको नको' म्हणालंच असतं. काकूंनी प्रत्येकीचं दान मोठ्या आवाजात पावतं केलं. परतीच्या वाटेवर कोणी बोललं नाही. झोळी बाबांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी पीठ डब्यात ओतायच्या आधी विचारलं, "किती घरं झाली?" आम्ही सांगितलं. त्यांनी झोळीला हात लावून तो कपाळाला लावला.

चार दिवसांनी मी अंगणवाडी सेविकांबरोबर तिथं गेले. यावेळी कोणी लपलं नाही. "वासुदेवाची माणसं आली" म्हणून पोरंच पुढं आली. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीचा आहार असतो, स्थलांतर करून आलेल्या मुलांनाही तो देता येतो, हे त्या आयांना माहीत नव्हतं. एकीनं स्वतःहून बाळाच्या राहिलेल्या लसीचं विचारलं. पाच लेकरांची नोंद झाली. त्या मुलीचा भाऊ अंगणवाडीत जायला लागला, तसा तिचा सकाळचा वेळ मोकळा झाला. शेजारीच शाळा आहे, गुरुजींनी तिला वर्गात बसवून घेतलं. तीन आठवडे ती आली. मग टोळी दुसऱ्या शिवारात हलली. पुढचा पत्ता मुकादमालाही नीट सांगता आला नाही. सोंगानं एवढंच होतं, याहून जास्त होतं असं मी सांगणार नाही.

यंदाच्या टोळ्या आल्या आहेत. मी परवा जाऊन आले, अठरा कोप्या आहेत, मुलं नव्यानं मोजायची आहेत. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं, तेव्हा दिवस भरपूर आहेत. टोपी, अंगरखा आणि भोपळा ग्रामसंघाच्या कपाटात आहे, वरच्या फळीवर. ज्या गटाला हवं त्यांनी रजिस्टरवर सही करून न्यावं. तुमच्या भागात वासुदेवबाबा असतील तर आधी त्यांच्याकडं जाऊन या आणि मानधनाचं बघा. आमच्या काकूंचे गुडघे यंदा गिरकी घेऊ देत नाहीत, त्यामुळे आम्हाला दुसरा वासुदेव शोधायचा आहे. आवाज मोठा पाहिजे. मिशांचं आम्ही बघून घेऊ.