टोळी त्यांची, ओझं आपलं

(नांदेड इथल्या युवक शिबिरातलं भाषण)



मी मॅट्रिक पास. मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. प्राध्यापकासारखं बोलायला मला जमणार नाही. पण सरकार कसं चालतं ते टोळीत राबणाऱ्याला लवकर कळतं. मुकादम एक असो की चार, पाठीवरची गोणी तेवढीच जड असते.

1985 नंतर महाराष्ट्रात एकाही पक्षाला विधानसभेत 145 चा आकडा स्वबळावर गाठता आलेला नाही. आपल्या वयाच्या पोरांनी आघाड्या आणि युत्याच पाहिल्या. पण 1972 साली 270 पैकी 222 जागा एकट्या काँग्रेसच्या होत्या. तेव्हा आघाडी नव्हती म्हणता? होती की! साखर कारखाना, जिल्हा बँक, झेडपी, सगळीकडे वाड्यावाल्यांचीच आघाडी. फक्त तिची निवडणुकीची निशाणी एक होती, आणि आपण वाड्याच्या बाहेर चपलांपाशी.

मग आणीबाणी आली आणि हा वाडा हादरला. 1977 च्या लोकसभेला नांदेडात केशवराव धोंडगे, लातुरात उद्धवराव पाटील निवडून आले. दोघंही शेकापचे. 1978 च्या विधानसभेत जनता पक्ष 99, रेड्डी काँग्रेस 69, इंदिरा काँग्रेस 62. बहुमत कुणालाच नाही. एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या दोन्ही काँग्रेसनी एकत्र संसार मांडला, वसंतदादा मुख्यमंत्री झाले. चार महिन्यांत तो संसार मोडला. शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि 18 जुलैला पुलोदचं सरकार आलं. पुरोगामी लोकशाही दल! त्यात शेकाप होता, समाजवादी होते, जनता पक्षात शिरलेले जनसंघवालेही होते.

नवव्या दिवशी, 27 जुलैला, दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांनी सगळ्यात जास्त सोसलं. माझी आजी लेकरांना घेऊन ज्वारीच्या रानात लपली होती. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. मातंग समाजाचा माणूस, जय भीम म्हणणं सोडलं नाही म्हणून मारलं.

मी विचारतो, मुंबईत ज्या पक्षांनी ठरावासाठी हात वर केले, त्यांच्या किती कार्यकर्त्यांनी गावात आपल्या झोपडीपुढे उभं राहून जाळणाऱ्यांचे हात धरले? आघाडी सभागृहात झाली. गावात शिरलीच नाही.

ठराव कागदावर राहिला. फेब्रुवारी 1980 मध्ये पुलोदचं सरकार बरखास्त झालं. पुन्हा काँग्रेस एकटी, पुन्हा तेच वाडे. 25 नोव्हेंबर 1993 ला याच नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. तेव्हा कुठे 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं! आघाडीनं ठराव केला आणि अंमल केला नाही. एका पक्षाच्या राज्यानं तो दाबून धरला आणि शेवटी निम्मा दिला. आणि त्याच 1994 च्या सप्टेंबरात नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. स्वामी रामानंद तीर्थांबद्दल आपल्याला आदर आहे. पण हिशोब बघा: ज्या नांदेड-परभणीनं रक्त सांडलं, तिथल्या पोराच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव नाही. लातूरच्या पोराच्याही नाही.

लातूरची लोकसभा 2009 पासून राखीव. छान! पण तिकीट देणारा हात कुणाचा? ज्यानं तिकीट दिलं त्याच्याकडेच खासदार तोंड करून बसतो.

मग काय, एका पक्षाचंच राज्य बरं होतं? मुळीच नाही. टोळीतल्या एकानं हात सोडला तर अख्खं ओझं खाली येतं. आघाडीच्या काळात लहान हातालाही वजन आलंय, हे आपल्या पुढाऱ्यांना बरोबर कळलं. म्हणून ते हात विकतात, एका महामंडळाला, एका लाल दिव्याला. दिवा गेला तरी विक्री चालूच आहे.

आपण हात विकायचा नाही, अट घालायची. मत देण्याआधी लिहून घ्यायचं: कसणाऱ्याच्या नावावर गायरान, वेळेवर शिष्यवृत्ती, अत्याचाराच्या खटल्यांचा निकाल. अट मोडली की हात काढून घ्यायचा, भर सभेत, नाव घेऊन.

आणि त्याआधी आपली आघाडी करायची. बौद्ध, मातंग, चर्मकार, बंजारा, मुसलमान, ज्याच्या नावावर सातबारा नाही तो प्रत्येक जण. पोचीराम कांबळेंनी ती आघाडी कुठल्याही सभागृहाशिवाय केली होती. तिच्यात ना खातं होतं, ना खुर्ची. पण ती मोडली नाही, मारूनही मोडली नाही.

उद्या गावी जाल तेव्हा आधी मांगवाड्यात जा. पक्षाच्या कचेरीत नंतर बघू.

जय भीम!