अमेरिका शिकायची कुठून?



अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत अमेरिकन स्टडीज नावाचा अभ्यासक्रम असतो. १९३०च्या दशकात हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांत तो रुजला. इतिहास, साहित्य, चित्रकला, संगीत, अर्थकारण असं सगळं त्यात एकत्र शिकायचं. चार विषयांची खिचडी, एकाचंही धड ज्ञान नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. काही घटना एका विषयाच्या चिमटीत येतच नाहीत. एक उदाहरण घ्या.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्या मुक्तीचं पुढे काय झालं? १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली गावं सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यू यॉर्ककडे गेली. अर्थशास्त्र सांगेल, कपाशीवर भुंगा पडला आणि पहिल्या महायुद्धात उत्तरेतल्या कारखान्यांना मजूर कमी पडले. खरंच आहे. पण जमाव माणसांना झाडाला लटकवत होता, मताचा हक्क कागदावरच होता, हे कापसाच्या भावात कुठे दिसणार? आणि उत्तरेत काम मिळतं, ही खबर खेड्यात पोचली कशी? ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र रेल्वेच्या पुलमन डब्यांतले पोर्टर दक्षिणेत पोचवत.

याच स्थलांतरावर चित्रकार जेकब लॉरेन्सने लाकडी फळ्यांवर साठ चित्रं काढली. १९४१ साली ती पुरी झाली तेव्हा तो अवघ्या तेविशीचा होता. न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या ग्रंथालयात बसून त्याने आधी वाचन केलं, प्रत्येक चित्राखालचा मजकूर लिहिला. मग सगळ्या फळ्या एकदम मांडल्या आणि एक रंग साठही चित्रांत भरून झाला की पुढचा घेतला. म्हणून पहिल्या चित्रातला रंग शेवटपर्यंत तसाच भेटत राहतो. हे इतिहासाचं काम की चित्रकलेचं? मला तरी ते वेगळं काढता येत नाही.

गाण्याचंही तेच. याच स्थलांतरात १९४३ साली ब्लूज गायक मडी वॉटर्स दक्षिणेतल्या मिसिसिपीतून शिकागोला आला. तिथल्या बारच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, तेव्हा त्याने विजेवरची गिटार हाती घेतली, आणि ब्लूजचा सूरच पालटला.

हा अभ्यासक्रम घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी एवढंच विचारावं: जनगणनेचे तक्ते, ही चित्रं आणि ही गाणी इथे एकाच वर्गात समोर येतात का? नुसते चार विभागांचे चार पेपर एका नावाखाली बांधले असतील, तर सरळ इतिहासच घ्यावा.